८०० अंशांना टिकतं म्हणजे नेमकं काय?

नॅनोस्फटिकी तांब्यावरचा कुठलाही शोधनिबंध उघडा, पहिल्या पानावर एक वाक्य हमखास भेटतं: आमची मिश्रधातू अमुक अंशांपर्यंत स्थिर आहे. माझं काम पावडर दळण्याचं, दाबण्याचं आणि भट्टीत घालण्याचं. त्यामुळे हे वाक्य दिसलं की मी निष्कर्ष वगैरे सोडून थेट प्रयोगपद्धतीच्या परिच्छेदावर उडी मारते. भट्टीत किती वेळ ठेवली? कुठल्या वायूत? ग्रेनचा, म्हणजे धातूतल्या एकेका बारीक स्फटिकाचा, आकार मोजला तो सुट्या पावडरचा की घट्ट ठोकळ्याचा? आणि ठोकळा असेल तर तो बनवतानाच त्याला किती ताप दिला होता?

हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा एका ओळीत उरकलेलं असतं. आपण स्थैर्याची चाचणी सगळं झाल्यावर घेतो, जणू मिश्रधातू आयती हातात आली. प्रत्यक्षात तिचा खरा कस लागतो तो पावडरचा ठोकळा होताना. तिथून नॅनो ग्रेन जिवंत बाहेर आले तर पुढच्या ॲनीलिंगची, म्हणजे भट्टीत तापवून ठेवण्याची, मला फारशी काळजी नसते.

आधी हे ग्रेन वाढतात कशाला ते बघू. तांब्याचा द्रवणांक १०८५ अंश सेल्सिअस, म्हणजे १३५८ केल्विन. खोलीचं तापमान त्याच्या जेमतेम २२ टक्के. एरवी एवढ्या तापमानाला तांबं मख्ख पडून राहतं. पण ग्रेनच्या सीमेवर दर चौरस मीटरमागे साधारण ०.६ ज्यूल जादा ऊर्जा असते. ग्रेन १० मायक्रॉनचे असतील तर एका घन सेंटिमीटर तांब्यात या सीमांचं क्षेत्रफळ ०.३ चौरस मीटरच्या आसपास भरतं; काही विशेष नाही. तेच ग्रेन १० नॅनोमीटरचे केले की त्याच घन सेंटिमीटरमध्ये ३०० चौरस मीटर सीमा कोंबली जाते आणि जादा ऊर्जा १८० ज्यूलवर जाते. ही ऊर्जा टाकून द्यायचा एकच मार्ग धातूला ठाऊक आहे: सीमा कमी करायच्या, म्हणजे ग्रेन वाढवायचे. त्यात भर म्हणजे सीमेवरून अणू सरकायला जी अडचण पार करावी लागते ती आतल्या जाळीतल्या अडचणीच्या निम्म्याच्या आसपास. ओढ मोठी आणि वाट सोपी.

म्हणून शुद्ध तांबं खोलीच्या तापमानालाही स्वस्थ बसत नाही. चिप बनवणाऱ्यांना हे चांगलं माहीत आहे. १९९७ मध्ये आयबीएमने चिपमधल्या ॲल्युमिनियमच्या तारांच्या जागी तांबं आणत असल्याचं जाहीर केलं. हे तांबं विजेच्या मदतीने द्रावणातून बसवतात. बसवल्यावर काही तासांत ते काही दिवसांत त्यातले बारीक ग्रेन आपोआप वाढतात आणि विद्युतरोध सुमारे पाचव्या हिश्श्याने उतरतो. ना भट्टी, ना काही. त्यांना ते हवंच असतं. आमची सगळी धडपड तेच थोपवण्याची.

त्याहून चक्रावणारी गोष्ट जूलिया वीर्टमन यांच्या गटाने २००५ मध्ये दाखवली. नॅनोस्फटिकी तांब्यावर हार्डनेस मोजायची सुई रुतवली तर त्या खड्ड्याखालचे ग्रेन वाढतात, आणि द्रव नायट्रोजनच्या थंडीत तर हे खोलीच्या तापमानापेक्षाही जास्त वेगाने होतं. म्हणजे ताप नको, नुसता ताण पुरतो. तेव्हापासून शुद्ध तांब्याच्या नमुन्यावर सुई किती वेळ दाबून धरली होती हे लिहिल्याशिवाय मी कुणाकडून हार्डनेसचा आकडा घेत नाही. ज्याने मोजायचं तेच मोजायची गोष्ट बदलत असेल तर निदान वेळ तरी लिहा.

एवढा खटाटोप कशासाठी, तर ताकदीसाठी. १९५१ मध्ये हॉल आणि १९५३ मध्ये पेच यांनी पोलादावर काम करून मांडलेलं नातं तांब्यालाही लागू पडतं: ग्रेनचा आकार जितका लहान तितकी ताकद वाढते, आकाराच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात. २५ मायक्रॉनच्या ग्रेनचं मऊ तांबं ५० मेगापास्कलच्या आसपास वाकायला लागतं; १०० नॅनोमीटरला हाच आकडा साडेतीनशेच्या वर जातो. १०-२० नॅनोमीटरच्या खाली मात्र हे गणित मोडतं आणि काही नमुने उलट मऊ पडतात. त्यावर पुष्कळ वाद झाले, मी त्यात पडत नाही.

आता दळण. डबा पोलादी, गोळ्या पोलादी, आत आरगॉन. ग्लव्हबॉक्समध्ये डबा भरायचा, झाकण आवळायचं आणि शेकर मिलवर चढवायचा. मिल चालू असली की त्या खोलीत बोलणं शक्य नसतं, खुणांवर काम चालतं. गोळ्या आदळतात तसे पावडरचे कण चपटे होतात, थंडच एकमेकांना सांधले जातात, मग तुटतात, पुन्हा सांधले जातात. तासन् तास हे चाललं की ग्रेन १०-२० नॅनोमीटरवर येतात आणि जे दोन धातू एरवी एकमेकांचं तोंड बघत नाहीत तेही जबरदस्तीने एकत्र येतात.

नवा विद्यार्थी शुद्ध तांब्यापासून सुरुवात करतो आणि डबा उघडल्यावर माझ्याकडे येतो.

"मॅडम, पावडर कुठे गेली?"

"अरे, भिंतीला बघ."

डब्याची भिंत आणि प्रत्येक गोळी लालसर, चकचकीत थराने मढलेली असते. छिन्नीने खरवडलं तरी पापुद्रे सुटतात, पावडर काही मिळत नाही. तांबं इतकं मऊ की तुटण्यापेक्षा सांधणंच वरचढ ठरतं. यावर दोन उपाय. एक, चिमूटभर स्टिअरिक आम्ल घालायचं, म्हणजे कणांवर तेलकट पापुद्रा येतो आणि ते चिकटत नाहीत. दुसरा, डबा द्रव नायट्रोजनने गार ठेवायचा, म्हणजे तांबं थोडं ताठ होतं आणि तुटायला लागतं. मला दुसरा आवडतो. आम्लाबरोबर कार्बन आणि हायड्रोजन आत येतात, आणि ते पुढे काहीतरी उद्योग करतातच. तांबं-झिर्कोनियममध्ये तो कार्बन झिर्कोनियमला सापडतो आणि कार्बाइडचे बारीक कण तयार होतात. ते ग्रेन अडवायला मदतही करतात, पण मग श्रेय नक्की कुणाचं?

हाच प्रश्न लोखंडाबाबत. पोलादी गोळ्या झिजतात आणि थोडं लोखंड पावडरमध्ये उतरतं. कमी तापमानाला लोखंड तांब्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणजे ग्रेनच्या सीमा अडवायला अगदी योग्य. त्यामुळे पोलादी डब्यात दळलेलं "शुद्ध" तांबं अपेक्षेपेक्षा जास्त टिकलं असं कुणी सांगितलं की मी आधी लोखंडाचं प्रमाण विचारते. अनेकदा ते मोजलेलंच नसतं.

दळण नीट झालं की नाही हे मी एक्स-रेच्या आलेखात बघते. तांब्यात टँटलम हा धातू घालून दळलाय असं धरा. तांब्याची मुख्य रेषा ४३.३ अंशांना, टँटलमची ३८.५ ला. दळत जावं तशी ३८.५ ची रेषा बसत जाते, पसरत जाते आणि शेवटी पार्श्वभूमीवर नुसता फुगवटा उरतो. हाच नमुना तापवून पुन्हा आलेख काढला की ती रेषा हळूहळू डोकं वर काढते: टँटलम तांब्यातून बाहेर पडून स्वतःचे कण बांधतंय. हे बाहेर पडणं वाईट नाही, सगळी मदार त्यावरच आहे. किती बारीक कण बांधले एवढाच प्रश्न. मात्र रेषेच्या रुंदीवरून ग्रेनचा आकार काढून त्यावर पूर्ण निबंध उभा करणं मला पटत नाही. रुंदीत आतल्या ताणाचाही वाटा असतो, आणि ग्रेन १०० नॅनोमीटरच्या पुढे गेले की ही पद्धत आंधळी होते. म्हणजे नेमकं ग्रेन वाढल्याचं तिला दिसत नाही. थोडेच ग्रेन भसाभस वाढले आणि बाकीचे तसेच राहिले तरी सरासरी छान दिसते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला पर्याय नाही.

आता मूळ अडचण. पावडर हातात आली, ग्रेन १५ नॅनोमीटरचे, सगळे खूश. पण पावडरपासून काही बनवायचं तर ती घट्ट हवी. कणांमधली पोकळी भरायची तर अणूंनी सरकायला हवं, त्यासाठी ताप हवा, आणि अणू सरकू लागले की ग्रेनही वाढणार. पोकळी भरणारा अणू आणि ग्रेन वाढवणारा अणू एकाच वाटेने, त्याच सीमांवरून जातो. एकाला जाऊ द्या आणि दुसऱ्याला अडवा असं भट्टीला सांगता येत नाही. साध्या पद्धतीने भट्टीत ठेवून पावडर घट्ट केली की शेवटच्या पाच-सात टक्के पोकळीसाठी सगळे नॅनो ग्रेन गमावून बसायची वेळ येते. हॉट प्रेस किंवा विजेचा झटका देऊन दाबणारी यंत्रं वेळ कमी करतात, त्यामुळे थोडी सुटका होते; पूर्ण नाही.

मला सगळ्यात पटणारी वाट आहे काटकोनातल्या साच्यातून रेटण्याची. पावडर धातूच्या जाड डब्यात भरायची, तोंड बंद करायचं, डबा तापवायचा आणि ९० अंशांत वळणाऱ्या चौकोनी मार्गातून दट्ट्याने ढकलायचा. वळणावर सगळा ऐवज कातरला जातो. एका फेरीत सुमारे १.१५ एवढी विकृती, म्हणजे आकारातला बदल. कण एकमेकांवर घासतात, त्यांच्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा फाटतो आणि आतला कोरा धातू कोऱ्या धातूला जाऊन मिळतो. इथे पोकळी मिटते ती मुख्यतः रेटण्याने, अणूंनी लांब प्रवास करून नव्हे. म्हणूनच तांबं-टँटलम ७०० ते ९०० अंशांना रेटूनही ग्रेन शेकडो नॅनोमीटरच्या आतच ठेवता येतात. पण बघा, ७०० अंश म्हणजे द्रवणांकाच्या ७० टक्क्यांच्या वर. शुद्ध नॅनो तांब्याला हा प्रवास झेपलाच नसता. मिश्रधातूचं स्थैर्य इथे कामी आलं, नंतरच्या चाचणीत नव्हे.

या टप्प्यावर वायू फार त्रास देतात, आणि त्याबद्दल लिहिताना लोक हात आखडता घेतात. दळताना कणांच्या घड्यांमध्ये आरगॉन अडकतो. तो तांब्यात विरघळत नाही आणि बाहेरही पडत नाही. नंतर तापवलं की फुगतो. दुसरा त्रास पाण्याच्या वाफेचा. तांब्याच्या कणावर ऑक्साइड असतोच. ठोकळा घट्ट झाल्यावर तो हायड्रोजनमध्ये तापवला तर हायड्रोजन तांब्यातून आरामात आत जातो, ऑक्साइडला भेटतो आणि वाफ करतो. वाफ मात्र बाहेर येऊ शकत नाही. चकती भट्टीतून काढली की पृष्ठभागावर टाचणीच्या डोक्याएवढे फुगे दिसतात, आणि कापून बघितलं तर ग्रेनच्या सीमांवर ओळीने छिद्रं. अशा चकतीचे ग्रेन अगदी नॅनो राहिलेले असू शकतात. तिला स्थिर म्हणायचं का? म्हणून मी ॲनीलिंगच्या आधी आणि नंतर दोन्ही वेळा पाण्यात बुडवून घनता घेते. काम पाच मिनिटांचं आहे, पण छापलेल्या तक्त्यांत नंतरची घनता क्वचितच सापडते.

टँटलमच का, हे थोडक्यात. टँटलमचा द्रवणांक ३००० अंशांच्या वर आणि तांब्यात ते विरघळायला जवळपास तयारच नाही. दळून कोंबलेलं टँटलम गरम केल्यावर काही नॅनोमीटरचे पुंजके होऊन बाहेर पडतं आणि ग्रेनच्या सीमांना खिळवून ठेवतं. किती खिळवेल याचा जुना अंदाज झेनर यांच्या नावाने ओळखला जातो: कणाची त्रिज्या घ्या, चारने गुणा, कणांच्या आकारमानाच्या वाट्याच्या तिपटीने भागा. १० टक्के अणू टँटलमचे असतील तर आकारमानात त्यांचा वाटा साडेचौदा टक्के होतो. सगळे पुंजके ३ नॅनोमीटर त्रिज्येचे धरले तर ग्रेन २८ नॅनोमीटरच्या आसपास अडायला हवेत. प्रत्यक्षात बरंचसं टँटलम मोठ्या कणांत वाया जातं, म्हणून ग्रेन त्याहून मोठे राहतात.

सिद्धांतवाले इथे दोन तट पाडतात: सीमेची ऊर्जाच कमी करून वाढीची ओढ काढून टाकायची, की ओढ राहू द्यायची आणि वाट अडवायची. १९९३ मध्ये वाइसम्युलर यांनी पहिल्या मार्गाची मांडणी केली आणि २०१२ मध्ये एमआयटीच्या शू यांच्या गटाने टंगस्टन-टायटॅनियमवर ती छान वापरून दाखवली. भट्टीपाशी उभं राहून मला वाटतं, तांब्याच्या बाबतीत बहुतेक काम अडवणुकीचंच चालतं. पुंजके स्वतः वाढले की अडवणूक संपते, म्हणून ग्रेनपेक्षा मी पुंजक्यांकडे जास्त बघते.

तांबं-टँटलमने मला खरं चकित केलं ते २०१६ मध्ये. अमेरिकी लष्कराच्या संशोधन प्रयोगशाळेतल्या आणि ॲरिझोना स्टेट विद्यापीठातल्या लोकांनी त्याच्या क्रीपचे, म्हणजे तापलेल्या धातूच्या भाराखालच्या संथ सरकण्याचे, निकाल नेचरमध्ये छापले. लहान ग्रेन क्रीपला वाईट हे आम्ही सगळे शिकतो. सीमांवरून होणाऱ्या क्रीपचा वेग ग्रेनच्या आकाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात, म्हणजे ग्रेन १०० पट लहान केला की वेग १० लाख पट. या मिश्रधातूत मात्र वेग इतर नॅनोस्फटिकी धातूंपेक्षा सहा ते आठ घातांकांनी, म्हणजे १० लाख ते १० कोटी पट, कमी निघाला. सीमा आहेत, पण पुंजक्यांनी त्यांना सरकूच दिलं नाही.

झिर्कोनियमची गोष्ट वेगळी आहे. कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइन इथल्या रूपर्ट यांच्या गटाने ३ टक्के झिर्कोनियम घातलेली तांब्याची पावडर ज्या तापमानापर्यंत ती पूर्ण घनरूप राहते त्याच्या ९८ टक्क्यांवर आठवडाभर ठेवली, तरी ग्रेन ५४ नॅनोमीटर. त्या तापमानाला सीमांवर काही नॅनोमीटर जाडीचा अस्फटिकी, म्हणजे अणूंची शिस्तबद्ध मांडणी नसलेला, पडदा तयार होतो. तो टिकवायचा तर नमुना झटकन गार करावा लागतो. सावकाश गार केला की पडदा मोडतो. इथे भट्टीतून बाहेर काढायचा क्षण हाही कृतीचा भाग झाला, आणि तो आलेखावर कुठेच नसतो.

काही घालूच नका म्हणणारेही आहेत. चीनमधल्या लू के यांच्या गटाने २०१८ मध्ये दाखवलं की द्रव नायट्रोजनच्या थंडीत पृष्ठभाग घासून केलेले शुद्ध तांब्याचे ग्रेन सुमारे ७० नॅनोमीटरच्या खाली गेले की आणखी बारीक ग्रेन उलट जास्त टिकतात, कारण त्यांच्या सीमा स्वतःच शिथिल होऊन कमी ऊर्जेच्या होतात. माझ्या वरच्या सगळ्या हिशोबाला हा छेद आहे आणि तो मला आवडतो. पण ते ग्रेन पातळ थरात असतात. त्यातून मूठभर ठोकळा निघत नाही. घातलेल्या धातूची किंमत विद्युतवहनातही मोजावी लागते, हेही इथे सांगायला हवं. तांब्यात इलेक्ट्रॉन सरासरी ३९ नॅनोमीटर गेला की कशाला तरी धडकतो. त्याच मापाचे ग्रेन केले तर प्रत्येक सीमा अडथळा ठरते. विजेच्या तारेसाठी हे कुणी घेणार नाही. तापलेल्या हीट एक्स्चेंजरसाठी घेईल.

सध्या सगळ्यांच्या तोंडी २०२५ मध्ये सायन्समध्ये आलेली तांबं-टँटलम-लिथियम आहे. ३ टक्के अणू टँटलमचे, अर्धा टक्का लिथियमचे. तांबं आणि लिथियमचे सुबक घनाकार कण होतात आणि त्यांच्याभोवती टँटलमने भरलेला दोन अणूंचा थर बसतो, म्हणून ते फुगत नाहीत. ८०० अंशांना १०,००० तास, म्हणजे साडेतेरा महिन्यांच्या वर, ठेवूनही रचना जवळपास तशीच राहिली. खोलीच्या तापमानाला ताकद ११२० मेगापास्कल. वेळ लिहिलेला आहे, ठोकळा आहे, मला बोलायला जागा नाही.

विद्यार्थी आता त्याच्या मागे लागलेत. मी त्यांना कागदावर एक हिशोब करायला लावला. अणूंचा अर्धा टक्का म्हणजे वजनाचा ०.०५ टक्का: १० ग्रॅम पावडरमध्ये लिथियम जेमतेम ५ मिलिग्रॅम. एवढं लिथियम पूर्ण जाळून टाकायला ६ मिलिग्रॅम ऑक्सिजन पुरे, म्हणजे दहा लाखात ६०० भाग. बाजारातल्या बारीक तांब्याच्या पावडरच्या अंगावर एवढा ऑक्सिजन सहज असतो. त्यामुळे हे काम निघालंच तर आधी सुटी पावडर हायड्रोजनमध्ये तापवून तिचा ऑक्साइड काढून घेऊ, वाफेला तेव्हा बाहेर पडायला वाट असते. मग ऑक्सिजन मोजून आणायचा, आणि आकडा बघितल्यावरच मी लिथियमची बाटली ग्लव्हबॉक्समध्ये उघडू देईन.